जुनें दुखणें आणि प्रवासाचा विमा

माणूस घर सोडून दूर जाऊं लागला म्हणजे दोन गोष्टी न बोलावतां त्याच्या बरोबर निघतात: एक त्याचें भय आणि दुसरें त्याचें शरीर. भयाची व्यवस्था मनुष्यजातीनें फार प्राचीन काळापासून लावून ठेविली आहे. काशीयात्रेस निघणारा गृहस्थ देणेंघेणें उरकून, घरदार मुलांच्या स्वाधीन करून मगच उंबरठा ओलांडी. व्यापाऱ्यानें आपल्या मालाच्या भयाची व्यवस्था विम्यानें केली. हा विमा शब्द 'बीमा' या रूपानें हिंदुस्थानींतून आम्हांकडे आला असून, फारसींतील भयवाचक 'बीम' या शब्दाशीं त्याचें नातें कित्येक लावतात. परंतु शरीराची व्यवस्था इतकी सोपी नाहीं. भय पुढें काय होईल याचें असतें; शरीर मागें काय झालें तें आपल्या बरोबर घेऊन येतें. विमा उतरावयाचा तो पुढच्या गोष्टीचा, आणि प्रश्न विचारावयाचे ते मागच्या गोष्टींचे, अशी ही विलक्षण अडचण आहे; आणि ती कशी उत्पन्न झाली व कोठवर सुटली, याचा इतिहास आम्ही येथें थोडक्यांत सांगूं इच्छितों.

हा विषय मुंबई-पुण्याच्या पेढ्यांचा आहे, खेड्यापाड्यांचा त्याशीं संबंध काय, असें कोणी म्हणेल. त्यानें परभणी जिल्ह्यांतील देवगांव फाट्याकडे पाहावें. सेलू, जिंतूर आणि मंठा या तिन्ही दिशांच्या वाटा जेथें एकमेकींस मिळतात असें हें ठिकाण. येथून सेलूस गेलें कीं मनमाडहून हैदराबादेकडे जाणारा लोहमार्ग लागतो. निजामाच्या राज्यांत तो १९०१ च्या सुमारास पुरा झाला. ज्या फाट्यावरून पूर्वीं बाजाराला आणि लग्नाला जाणारीं माणसें गाडी धरीत, तेथूनच आतां परदेशीं नोकरीस असलेल्या मुलामुलींकडे निघालेले आईबापहि गाडी धरतात. एस. टी. च्या तिकिटावर एक रुपया अधिक घेऊन अपघात-साहाय्याचा निधि उभारण्यास महामंडळानें १ एप्रिल २०१६ पासून आरंभ केला, आणि अपघातांत मृत्यु आल्यास वारसांस १० लाख रुपयांपर्यंत साहाय्य ठरविलें. हा कायद्याच्या भाषेंत विमा नव्हे, परंतु काम विम्याचेंच. त्या रुपयापायीं 'आपणांस मधुमेह आहे काय?' असें कोणी वाहकानें उतारूस विचारल्याचें ऐकिवांत नाहीं. परंतु तेंच वृद्ध जोडपें पुढें विमानांत बसावयाचें म्हणून जो दुसरा विमा घेतें, त्याच्या अर्जांत हाच प्रश्न ठळकपणें पुढें येतो. एकाच प्रवासाच्या दोन टप्प्यांत असें अंतर कां पडावें?

याचें उत्तर शोधावयाचें तर प्रथम मालाच्या विम्याकडे गेलें पाहिजे. आमच्या देशांत मालाची जोखीम दुसऱ्यावर सोंपविण्याच्या रीति जुन्या आहेत. 'हुंडाभाडें' म्हणून एक करार असे. भाडें आणि वाटेवरील जकाती मिळून एक ठोक रक्कम ठरवावयाची आणि माल मुक्कामास पोहोंचविण्याचें काम हुंडेकऱ्यानें पत्करावयाचें. हुंडेकरी हें आडनांव आजहि महाराष्ट्रांत आढळतें. पश्चिम किनाऱ्यावर 'जोखमी हुंडी' चाले. जहाजांत चढविलेल्या मालावर हुंडी लिहावयाची. माल सुखरूप पोहोंचला तर हुंडीचे पैसे द्यावयाचे, जहाज बुडालें तर हुंडीहि बुडाली. हुंडी घेणारा एका दृष्टीनें सावकार आणि दुसऱ्या दृष्टीनें विमेवाला असे. या व्यवहारांत दोन्ही पक्ष एकाच बाजारांतले. कोणत्या ऋतूंत कोणती वाट धोक्याची, कोणता तांडेल भरंवशाचा, हें दोघांसहि सारखेंच ठाऊक. मालास जुनें दुखणें नसतें. गोणी फाटकी असली तर ती डोळ्यांनीं दिसते.

जेथें एका पक्षास ठाऊक आणि दुसऱ्यास ठाऊक नाहीं अशी स्थिति आली, तेथेंच खरा प्रश्न उपस्थित झाला. त्याचा निकाल इंग्लंडांत १७६६ सालीं लॉर्ड मॅन्सफील्ड या न्यायाधीशानें दिला, आणि त्या खटल्याचें मूळ आशियांतच होतें. सुमात्रा बेटांत बेंकुलेन येथें ईस्ट इंडिया कंपनीचा मार्लबरो नांवाचा किल्ला होता. तेथील गव्हर्नर कार्टर यानें, तो किल्ला परक्या शत्रूनें वर्षभरांत घेतला तर आपणांस भरपाई मिळावी, असा विमा लंडनमध्यें उतरविला. १७६० सालीं फ्रेंचांनीं किल्ला घेतला. विमेवाले म्हणाले, किल्ला दुबळा होता, ही गोष्ट आम्हांपासून लपविली. मॅन्सफील्डनें नियम सांगितला तो असा: जोखमीसंबंधाच्या विशेष गोष्टी बहुधा विमा घेणाऱ्यासच ठाऊक असतात, विमेवाला त्याच्या शब्दावर विसंबतो, म्हणून त्या गोष्टी दाबून ठेवल्यास करार रद्द होतो. पुढें ज्या तत्त्वास 'परम विश्वासाचा करार' असें नांव पडलें, त्याचें हें मूळ.

परंतु या खटल्यांत जिंकलें कोण? विमेवाले नव्हेत, गव्हर्नर जिंकला. कारण मॅन्सफील्डनें नियमाचें दुसरें अंगहि सांगितलें होतें. विमेवाल्यास जें ठाऊक आहे, किंवा ठाऊक असावयास हवें, किंवा जें विचारण्याचें त्यानें आपण होऊन सोडून दिलें, तें विमा घेणाऱ्यानें सांगितलें नाहीं म्हणून त्यास दोष देतां येत नाहीं. शिवाय हें बंधन दोहों पक्षांवर आहे: जें जहाज बंदरास सुखरूप लागल्याचें विमेवाल्यास आधींच कळलें आहे, त्याचा विमा त्यानें हप्ता घेऊन उतरविला तर तोहि लबाडच. पुढील काळांत विम्याच्या पेढ्यांनीं या निवाड्याचें पहिलें वाक्य मुखोद्गत केलें आणि दुसऱ्याकडे डोळेझांक केली, असें म्हटल्यास फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं. हीं दोन वाक्यें वाचकांनीं ध्यानांत ठेवावीं. अडीचशें वर्षांनंतर तींच पुन्हां आमच्या कथेंत येणार आहेत.

आगगाडी आली तेव्हां विमा प्रथमच प्रवाशाच्या देहाकडे वळला. लंडनमध्यें १८४९ सालीं 'रेल्वे पॅसेंजर्स अॅश्युरन्स कंपनी' निघाली. स्टेशनावर तिकिटाबरोबरच विम्याचेंहि तिकीट मिळे: पहिल्या वर्गाच्या उतारूनें ३ पेन्स दिले तर १००० पौंडांचा, दुसऱ्या वर्गाच्या उतारूनें २ पेन्स दिले तर ५०० पौंडांचा, आणि तिसऱ्या वर्गाच्या उतारूनें १ पेनी दिली तर २०० पौंडांचा विमा. वर्ग विचारीत, प्रकृति विचारीत नसत. यांत औदार्य नव्हतें, हिशेब होता. गाडी रुळावरून घसरली तर ती दमेकऱ्यास आणि पहिलवानास सारखीच चिरडते. जेथें संकट बाहेरून येतें तेथें आंतल्या दुखण्याची चौकशी करण्याचें प्रयोजनच राहत नाहीं. आमच्या रेल्वेनें १ सप्टेंबर २०१६ पासून ऑनलाइन तिकिटाबरोबर आरंभीं ९२ पैशांत जो १० लाखांचा विमा देऊं केला, तो याच जातीचा.

तथापि बाहेरचें संकट आणि आंतलें दुखणें यांची गांठ पडावयाची ती पडलीच. लंडनच्या वॉटर्लू स्टेशनावर एका माणसास आंकडी आली, तो फलाटावरून रुळांवर पडला, आणि एंजिन त्याच्या अंगावरून गेलें. त्याच्या अपघात-विम्यांत स्पष्ट लिहिलेलें होतें कीं आंकडीनें किंवा कोणत्याहि रोगानें मृत्यु आल्यास पैसे मिळणार नाहींत. कंपनी म्हणाली, आंकडी आली नसती तर तो पडला नसता. १८८१ सालीं कोर्टानें निकाल दिला कीं, आंकडीनें त्यास रुळांवर नेलें हें खरें, परंतु मारलें एंजिनानें. मृत्यूचें निकटचें कारण अपघात आहे, रोग नव्हे. हा विवेक लहान नाहीं. कारणांची साखळी मागें मागें ओढीत नेली तर प्रत्येक मरणाच्या मुळाशीं कांहीं ना कांहीं जुनें दुखणें सांपडेल, आणि निदान जन्म तरी सांपडेलच. ती साखळी कोठें तोडावयाची, हें ठरविल्याशिवाय विमा चालूंच शकत नाहीं.

जन्मच दुखणें मानला गेल्याचें उदाहरण शोधण्यास लांब जावयास नको. कलकत्त्यास १८१८ सालीं ओरिएंटल लाइफ इन्शुरन्स कंपनी निघाली ती मुख्यतः युरोपियनांसाठीं. पुढेंहि कितीएक वर्षें परकी कंपन्या हिंदी माणसाचा आयुर्विमा एक तर उतरवीतच नसत, किंवा उतरवला तर जादा हप्ता घेत. अर्जदार निरोगी असो वा रोगी, तो हिंदी आहे हीच त्याच्या प्रकृतींतील खोट ठरे. मुंबईस १८७० सालीं स्थापन झालेल्या बाँबे म्युच्युअल सोसायटीनें हिंदी माणसाचा विमा साधारण दरानें उतरविण्याचा मार्ग घालून दिला. १८७४ सालीं मुंबईसच ओरिएंटल गव्हर्मेंट सिक्युरिटी कंपनी निघाली. आणि १९१३ सालीं साताऱ्यास अण्णासाहेब चिरमुले यांनीं वेस्टर्न इंडिया कंपनी काढून हा धंदा मराठी मुलखांत रुजविला. स्वदेशीच्या इतिहासांत कापडाच्या गिरण्यांची गोष्ट सांगतात, ही कोणी सांगत नाहीं. परंतु आपल्या शरीराची किंमत दुसऱ्यानें कमी ठरवूं नये, यासाठीं केलेला हा उद्योगहि त्याच तोलाचा आहे.

आयुर्विम्याबरोबर प्रश्नांची लांबलचक यादी आली. येथें मॅन्सफील्डच्या नियमाची खरी कसोटी लागली. किल्ला दुबळा आहे हें गव्हर्नरास ठाऊक असतें. परंतु आपलें हृदय दुबळें आहे हें माणसास ठाऊक असतेंच असें नाहीं. इंग्लंडच्या अपील कोर्टांत १९०८ सालीं एका आयुर्विम्याच्या खटल्यांत हाच मुद्दा निघाला, आणि जें मनुष्यास ठाऊकच नाहीं तें उघड करण्याचें बंधन त्याजवर घालतां येत नाहीं, असें न्यायाधीशांनीं सांगितलें. आमच्याकडे १९३८ च्या विमा कायद्यांत ४५ वें कलम आलें. आयुर्विमा दोन वर्षें चालला म्हणजे पुढें, मुद्दाम केलेली लबाडी सिद्ध झाल्याखेरीज, चुकीच्या उत्तराच्या सबबीवर तो मोडतां येणार नाहीं, असा त्याचा आशय होता. २०१५ च्या दुरुस्तीनें ही मुदत तीन वर्षांची झाली व ती उलटल्यावर कोणत्याच कारणानें हरकत घेतां येईना. इंग्लंडानें २०१२ सालीं कायदा करून सामान्य ग्राहकावरचें, न विचारतांहि सर्व सांगण्याचें ओझें काढून टाकिलें. विचारलेल्या प्रश्नास काळजीपूर्वक खरें उत्तर द्यावें, एवढेंच ठेविलें. सारांश, दीडशें-दोनशें वर्षांत कायद्याचा कांटा हळूहळू सांगणाऱ्याकडून विचारणाऱ्याकडे झुकत गेला.

आतां प्रवासाच्या वैद्यकीय विम्याकडे वळूं. १ जानेवारी १९७३ पासून आमच्या देशांतील सर्वसाधारण विमा सरकारच्या हातीं गेला आणि चार कंपन्यांत वांटला गेला. १९८६ सालीं या कंपन्यांनीं देशांतील इस्पितळाच्या खर्चासाठीं 'मेडिक्लेम' काढलें. परदेशप्रवाशांसाठींहि तशी पॉलिसी निघाली. आगगाडीचा विमा बाहेरच्या संकटाचा आणि आयुर्विमा आंतल्या देहाचा. परदेशप्रवासाच्या पॉलिसींत हे दोन्ही प्रवाह एकत्र मिळाले. सामान हरवलें, विमान चुकलें, पाय मोडला, येथपर्यंत ती आगगाडीची लेक. ताप आला, छातींत कळ आली, येथून ती आयुर्विम्याची. आणि या दुसऱ्या घराण्याकडून तिनें जो दागिना आणला, तोच जुन्या दुखण्याचा अपवाद. सरकारी मराठींत त्यास 'पूर्वविद्यमान आजार' असें भारदस्त नांव आहे.

येथें एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. देशांतल्या आरोग्य-विम्यांत काळ हाच मोठा वैद्य आहे. विमा-नियामक प्राधिकरणाच्या २०२४ च्या नियमांप्रमाणें, पॉलिसी घेण्यापूर्वीं ३६ महिन्यांच्या आंत डॉक्टरनें निदान केलेला किंवा ज्यावर सल्ला अथवा उपचार झाला तो आजार जुना समजावयाचा, आणि त्यासाठीं फार तर ३६ महिनेच थांबावयास लावावयाचें. पूर्वीं हे दोन्ही आंकडे ४८ होते. पांच वर्षें सतत पॉलिसी चालली म्हणजे लबाडी सिद्ध झाल्याशिवाय न सांगितल्याचा आक्षेपहि घेतां येत नाहीं. म्हणजे हप्ता भरीत राहिलें कीं जुनें दुखणें कालांतरानें माफ होतें. परंतु जुन्या आजाराची ही व्याख्या परदेशप्रवासाच्या पॉलिसीस लागू नाहीं, असें त्याच नियमांत म्हटलेलें आहे. तेथें जुनें दुखणें कशास म्हणावयाचें तें त्या त्या पॉलिसीचा कागद सांगेल तसें. आणि तीस दिवसांच्या प्रवासांत ३६ महिने थांबण्यास जागा कोठली? घरीं जें दुखणें काळ माफ करतो, तें विमानांत बसतांच पुन्हां नवें होतें. यामुळेंच प्रवासाच्या विम्यांत या अपवादाची धार इतकी तीक्ष्ण आहे. पुष्कळ पॉलिसींत केवळ जिवावरच बेतलें तर, आणि तेंहि एका ठराविक रकमेपर्यंत, जुन्या दुखण्याचा खर्च देतात. कांहीं कंपन्या अधिक हप्ता घेऊन ही मर्यादा वाढवितात.

त्यांतहि मौज अशी कीं, विमा घेण्याची सक्ति आणि विम्याचा उपयोग या निराळ्या गोष्टी आहेत. युरोपांतील शेंगेन देशांनीं १ जून २००४ पासून व्हिसासाठीं निदान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा आवश्यक केला. रक्कम ठरली, पण तेवढ्यावरून रक्तदाबाच्या रोग्यास आपला विमा आपल्याच दुखण्यास लागू आहे कीं नाहीं, हें कळत नाहीं. अमेरिकेच्या पाहुण्यांच्या व्हिसास तर विमा सक्तीचाच नाहीं, आणि इस्पितळाचा खर्च जेथें डोळे पांढरे करतो तो देश तोच.

आतां आम्ही ज्या खटल्याची वाट पाहत होतों तो सांगतों. एक भारतीय गृहस्थ नात्यांतील लग्नासाठीं मे २००९ मध्यें अमेरिकेस निघाले. त्यांनीं परदेशप्रवासाची वैद्यकीय पॉलिसी घेतली. अर्जांत आपणांस मधुमेह आहे हें सांगितलें. त्यांची वैद्यकीय तपासणीहि झाली. सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर उतरतांच त्यांस अस्वस्थ वाटूं लागलें. हृदयविकाराचा झटका ठरला, आणि रक्तवाहिन्यांत तीन स्टेंट घालावे लागले. कंपनीनें पैसे नाकारले. कारण काय, तर मधुमेह आणि रक्तांतील चरबी हे जुने आजार, हृदयविकार हा त्यांचाच परिणाम, आणि चरबीवरची गोळी चालू असल्याचें अर्जांत नाहीं. राष्ट्रीय ग्राहक आयोगानें २०१५ मध्यें कंपनीचीच बाजू उचलून धरिली. शेवटीं ६ डिसेंबर २०२१ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें हा निकाल फिरविला. मधुमेह सांगितलेला होता. तो पाहून, प्रकृतीचा अंदाज घेऊन कंपनीनें पॉलिसी दिली होती. एकदां सर्व जाणून पॉलिसी दिल्यावर, त्याच सांगितलेल्या आजाराकडे बोट दाखवून पैसे नाकारतां येत नाहींत. मधुमेह्यास अशी गोळी सर्रास देतात; ती सांगितली नाहीं म्हणून महत्त्वाची गोष्ट लपविली, असेंहि होत नाहीं.

वाचकांच्या लक्षांत आलेंच असेल कीं, हें मॅन्सफील्डचें दुसरें वाक्य आहे. जें विमेवाल्यास ठाऊक आहे, त्याची तक्रार त्यानें मागाहून करूं नये. मार्लबरोचा गव्हर्नर आणि सॅन फ्रान्सिस्कोस उतरलेला हा प्रवासी एकाच तत्त्वानें जिंकले. फरक एवढाच कीं गव्हर्नरास सहा वर्षें लागलीं, यांस बारा.

या निकालाचा अर्थ मात्र ताणूं नये. 'सांगितलें म्हणजे मिळालें' असें न्यायालयानें म्हटलेलें नाहीं. सांगणें आणि मिळणें या दोन निरनिराळ्या पायऱ्या आहेत, आणि सामान्य माणसाची फसगत होते ती बहुधा या दोहोंच्या मधल्या फटींत. एक म्हणतो, मीं सर्व सांगितलें आहे, आतां चिंता नाहीं. त्याच्या पॉलिसींत ज्या जुन्या दुखण्याचा स्पष्ट अपवाद असतो, तो त्यानें वाचलेलाच नसतो. दुसरा म्हणतो, सांगितलें तर पॉलिसी मिळणार नाहीं, म्हणून गप्प बसावें. आणि त्या मौनामुळें, ज्या नव्या दुखण्याचे पैसे मिळाले असते तेंहि वादांत पडतें. पहिल्याचा दोष भोळेपणाचा, दुसऱ्याचा धूर्तपणाचा. परंतु परक्या देशांतील इस्पितळाच्या दारांत दोघांची अवस्था सारखीच.

तिसरा एक वर्ग आहे, आणि आमची सहानुभूति विशेषतः त्याजकडे आहे. देवगांव फाट्याच्या आसपासच्या कोणत्याहि गांवांतील वडीलधाऱ्या माणसास विचारावें, 'काका, तुम्हांला साखरेचा आजार आहे का?' तो प्रामाणिकपणें सांगेल, 'होता, आतां नाहीं. गोळी चालू आहे ना!' त्याच्या भाषेंत दुखणें म्हणजे जें दुखतें तें. गोळीनें ताब्यांत असलेला रोग त्याच्या लेखीं रोगच नव्हे. अर्जाची भाषा याच्या नेमकी उलट: गोळी चालू आहे, हाच रोग असल्याचा पुरावा. अर्ज बहुधा इंग्रजींत, भरणारा मुलगा दूरदेशीं, सही बापाची, आणि 'नाहीं' या रकान्यापुढची खूण कोणाची हें कोणासच स्मरत नाहीं. येथें असत्य आहे, पण असत्य बोलणारा कोणी नाहीं. १९०८ च्या न्यायाधीशांनीं अज्ञानास क्षमा केली. दोन भाषांच्या दरीस क्षमा करणारा निवाडा अजून व्हावयाचा आहे.

तो होईपर्यंत दोहों पक्षांनीं थोडें थोडें करावें. विचारणाऱ्यानें 'आपणांस कोणता जुना आजार आहे काय?' असा मोघम प्रश्न न टाकतां, 'आपण रोज कोणत्या गोळ्या घेतां?' असें घरगुती मराठींत विचारावें. सांगणाऱ्यानें आजाराचें नांव आठवीत न बसतां, डॉक्टरची चिठ्ठी आणि गोळ्यांचीं पाकिटें पुढें मांडावीं, भरलेला अर्ज स्वतः वाचून घ्यावा व त्याची प्रत जवळ ठेवावी. आणि सही करण्यापूर्वीं एवढेंच विचारावें कीं, 'हें सांगितलेलें दुखणें परदेशीं उसळलें तर तुम्ही काय द्याल, आणि कितीपर्यंत?' या एका प्रश्नाचें उत्तर लेखी मिळालें म्हणजे पुढची पुष्कळशी भांडणें जन्मासच येत नाहींत.

विमा हा भयाचा व्यापार आहे, असें म्हणण्याची चाल आहे. आमच्या मतें तो विश्वासाचा व्यापार आहे; आणि विश्वास म्हणजे एकानें सर्व सांगावें व दुसऱ्यानें तें सोयीप्रमाणें आठवावें, असा एकेरी रस्ता नव्हे. परम विश्वासाचा करार म्हणावयाचा तर त्यांतील परमत्व दोहोंकडे सारखेंच असलें पाहिजे. म्हातारपणीं नातवंडांचें तोंड पाहण्यासाठीं सातासमुद्रांपलीकडे जाणाऱ्या माणसाजवळ जुन्या दुखण्याखेरीज दुसरें तारुण्य कोठून असणार? त्याचा विमा उतरावयाचा तर त्या दुखण्यासह उतरावा आणि त्याची जी किंमत असेल ती घ्यावी. नाहींतर निघण्यापूर्वींच त्यास स्वच्छ शब्दांत नाहीं म्हणावें.